मंत्री म्हणाले म्हणून भाडं माफ होत नाही

फ्रान्समध्ये राहणाऱ्या वाचकांकडून या सदराला येणाऱ्या पत्रांत एरवी राहण्याचा परवाना आणि घरभाडं हेच विषय असतात. या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: कोविडमुळे फिसकटलेले करार. ही पत्रं 2024 मधली: टाळेबंदी उठून तेव्हा चार वर्षं झाली होती, तिची बिलं मात्र अजून फिरत होती. नावं काढून आणि पत्रं थोडी आटोपशीर करून देते आहे. मी ल्योंमध्ये रोज करारांचंच काम करते, तेव्हा उत्तरं गोड असतील अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न: ताई, माझं ल्योंमध्ये कपड्यांचं छोटं दुकान आहे. एकच नोकर. मार्च 2020 मध्ये सरकारनेच दुकान बंद करायला लावलं, म्हणून एप्रिल, मे आणि जूनचं भाडं मी दिलं नाही. महिन्याला 1,450 युरो. जागामालक तेव्हा काही बोलला नाही. आता त्याच्या वतीने कोमिसेर द जुस्तिसचं (वसुलीच्या नोटिसा बजावणाऱ्या अधिकाऱ्याचं) पत्र आलंय: 4,350 युरो भाडं आणि वर दहा टक्के दंड, 435 युरो. अर्थमंत्र्यांनी तर टीव्हीवर सांगितलं होतं की कोविड ही फोर्स माझर आहे, म्हणजे करार पाळण्यातून सुटका देणारी हाताबाहेरची आपत्ती. मग मी देणं कसा लागतो?

उत्तर: आधी मंत्र्यांचं बघू, कारण हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते पाठ झालंय. 28 फेब्रुवारी 2020 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री ब्रुनो ल मेर जे बोलले ते सरकारी कंत्राटांबद्दल होतं. राज्याचं काम घेतलेल्या कंपनीला कोविडमुळे उशीर झाला तर राज्य दंड लावणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा आणि तुमच्या जागामालकाचा करार हा दोन खाजगी माणसांमधला मामला. तिथे फोर्स माझर आहे की नाही हे न्यायाधीश ठरवतो, मंत्री नव्हे.

न्यायाधीश ते ठरवतो नागरी संहितेच्या कलम 1218 वरून. 2016 च्या मोठ्या सुधारणेत हे कलम सध्याच्या रूपात आलं. घटना ऋणकोच्या हाताबाहेरची हवी, करार करताना तिची वाजवी कल्पना येण्यासारखी नसावी, योग्य ते उपाय करूनही तिचे परिणाम टाळता येऊ नयेत, आणि या सगळ्यामुळे *त्याला स्वतःचं* कर्तव्य पार पाडता येऊ नये. शेवटच्या अटीवरच बहुतेकांचं घोडं अडतं. तुमचं कर्तव्य काय होतं? पैसे देणं. दुकानाला टाळं लागलं तरी बँकेतून पैसे पाठवता येत होते. पैसे नव्हते, हे खरं. पण फ्रेंच कायद्याच्या लेखी पैसे नसणं म्हणजे अशक्यता नव्हे. कोविड यायच्या कितीतरी आधी, 16 सप्टेंबर 2014 च्या निकालात, कूर द कासासियोंने, म्हणजे खाजगी वादांसाठीच्या फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे सांगून ठेवलं होतं: पैसे देण्याचं कर्तव्य ज्याच्यावर आहे त्याला फोर्स माझरच्या आड लपता येत नाही.

तुमच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या वकिलांनी सोडला असा एकही युक्तिवाद नव्हता. दुकान वापरता आलं नाही म्हणजे भाड्याने घेतलेली वस्तूच नष्ट झाली (कलम 1722). जागामालकाने जागा उपभोगायला द्यायची होती, ती दिली नाही, म्हणून मी भाडं अडवलं. मालकाने सद्भावनेने वागायला हवं होतं. खालच्या न्यायालयांचे निकाल काही काळ दोन्ही बाजूंना पडत होते आणि आम्ही लोक रोज नवा निकाल वाचून मत बदलत होतो. मग 30 जून 2022 रोजी कूर द कासासियोंने एकाच दिवशी तीन निकाल दिले आणि सगळी दारं बंद केली. बंदीचा हुकूम सर्वांसाठी होता, तात्पुरता होता, आणि करारात ठरलेल्या जागेच्या वापराशी त्याचा थेट संबंध नव्हता, म्हणून वस्तू नष्ट झाली असं धरता येत नाही. जागा तुमच्या ताब्यात होती, मालकाने तुम्हाला अडवलं नव्हतं, म्हणून त्याची चूक नाही. आणि जागा उपभोगणं हा भाडेकरूचा हक्क आहे, कर्तव्य नाही. ज्याला स्वतःचा हक्क भोगता आला नाही त्याला फोर्स माझर मागता येत नाही.

हे न्याय्य आहे का? मला विचाराल तर नाही. नुकसान वाटून घ्यायला हवं होतं. पण कायदा आज हा आहे, आणि 4,350 युरोंवर लढायला तुम्ही वकिलाला पैसे द्यावेत असं मी सांगणार नाही. जूनचं भाडं का थकवलं हे तर तुम्ही लिहिलेलंच नाही. दुकानं 11 मे रोजी उघडली होती.

435 युरोंची गोष्ट मात्र वेगळी. 25 मार्च 2020 च्या अध्यादेशाने (क्रमांक 2020-316) छोट्या धंद्यांना एक संरक्षण दिलं होतं: 12 मार्च ते 10 सप्टेंबर 2020 या काळात देय झालेलं भाडं थकलं म्हणून दंड, विलंबाचं व्याज किंवा करार मोडण्याचं कलम लावता येणार नाही. भाडं माफ नव्हतं, शिक्षा माफ होती. एकता निधीच्या (कोविडकाळात छोट्या धंद्यांना सरकारने दिलेल्या) मदतीला पात्र असणं ही मुख्य अट. तुम्हाला त्या वसंतात 1,500 युरोंपर्यंतची ती मदत मिळाली असेल तर तिचा कागद शोधा आणि 435 युरोंवर सरळ काट मारायला सांगा.

आता नीट वाचा. भाड्याची मागणी कोर्टात न्यायची मुदत पाच वर्षांची. एप्रिल 2020 चं भाडं एप्रिल 2025 मध्ये मुदतीबाहेर जातं, मेचं मेमध्ये, जूनचं जूनमध्ये. नुसत्या मागणीपत्राने ही मुदत थांबत नाही, मग ते कोणाच्याही शिक्क्याचं असो. दावा दाखल झाला तर थांबते. आणि आणखी एका गोष्टीने: तुम्ही स्वतः लिहून दिलंत की होय, हे माझ्याकडून येणं आहे, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. ‘हप्ते करून द्या’ अशी विनंती हीही कबुलीच मानली जाऊ शकते. थांबायचं की हप्ते मागून मोकळं व्हायचं हा निर्णय तुमचा, कारण त्याच जागेत तुम्हाला अजून धंदा करायचाय आणि मालक रोज भेटणार. प्रकरण कोर्टात गेलंच तर कलम 1343-5 खाली न्यायाधीश दोन वर्षांपर्यंत सवड देऊ शकतो. तुमची नियमित भाडं भरल्याची पुढची सगळी वर्षं तिथे कामाला येतील.

प्रश्न: आम्ही नवराबायको नांतला राहतो. 2022 च्या नाताळात आल्प्समधल्या हॉटेलात चार रात्री घेतल्या होत्या, 640 युरो आधीच भरले. निघायच्या आदल्या दिवशी मी कोविड पॉझिटिव्ह. अलगीकरण तेव्हा सक्तीचं होतं, घराबाहेर पडायचीच चोरी. हॉटेल म्हणतं पैसे परत नाहीत. हे तर शुद्ध फोर्स माझर ना?

उत्तर: नाही. का नाही, ते एका खऱ्या जोडप्याच्या प्रकरणावरून सांगते. 2017 च्या शरदात ते औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या गावी उपचारासाठी उतरले. काही आठवड्यांचा मुक्काम, पैसे भरलेले. थोड्याच दिवसांत नवऱ्याला तातडीने इस्पितळात हलवावं लागलं आणि पाठोपाठ बायकोही निघून गेली. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळावेत म्हणून ते कोर्टात गेले आणि पहिल्या पायरीवर जिंकलेही. 25 नोव्हेंबर 2020 रोजी कूर द कासासियोंने तो निकाल फिरवला. कारण तेच, दुकानदाराला लागू पडलं ते: पैसे भरणं हे तुमचं कर्तव्य होतं आणि ते तुम्ही पार पाडलंत. खोली देणं हॉटेलचं कर्तव्य, आणि खोली तयार होती. तुम्हाला खोलीत जाऊन झोपता आलं नाही, हा तुमच्या कर्तव्यातला अडथळा नाही.

सरकारी हुकमाने हॉटेलच बंद असतं तर उत्तर नेमकं उलट आलं असतं. अडथळा कोणाच्या बाजूला आला एवढंच फ्रेंच कायदा पाहतो. हळहळ कोणाबद्दल वाटते हे तो पाहत नाही. फ्रान्समधल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी या निकालावर बरीच टीका केली. तिने तुमचे 640 युरो परत येत नाहीत.

मग करायचं काय? आरक्षणाच्या अटी वाचा, त्यांत आजारपणाची सवलत असू शकते. ज्या बँककार्डाने पैसे भरले त्याच्यासोबत प्रवास रद्द होण्याचा विमा आहे का ते बँकेला विचारा. विम्याचा दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे 2024 च्या नाताळापर्यंत थांबू नका.

जाता जाता: 2020 मध्ये टूर कंपनीने सहल रद्द करून अठरा महिन्यांचं क्रेडिट कूपन हातात ठेवलं होतं, असं आणखी दोघींनी कळवलंय. 25 मार्च 2020 च्याच आणखी एका अध्यादेशाने (2020-315) कंपन्यांना ती मुभा दिली होती: 1 मार्च ते 15 सप्टेंबर 2020 या काळात रद्द झालेल्या सहलींसाठी रोख रकमेऐवजी कूपन. 8 जून 2023 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की पॅकेज सहलीच्या बाबतीत ही मुभा युरोपच्या नियमांविरुद्ध होती; परतफेड म्हणजे पैसे. पण मूळ अध्यादेशातही न वापरलेल्या कूपनाचे पैसे मुदतीअखेर द्यायचेच होते. कूपन पडून असेल आणि पैसे आले नसतील तर पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने मागा, उद्याच.

प्रश्न: आमचं लग्न 30 मे 2020 ला लुआर नदीकाठच्या एका जुन्या वाड्याच्या हॉलमध्ये ठरलं होतं. 3,000 युरो भरले होते. लग्न अर्थातच झालं नाही. हॉलवाल्यांनी 2021 ची तारीख देऊ केली, आम्ही नको म्हटलं, कारण तोवर आम्ही नगरपालिकेत सही करून मोकळे झालो होतो. ते म्हणतात करारात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं लिहिलंय.

उत्तर: तुमची बाजू भक्कम आहे, या अंकात हे वाक्य लिहायची संधी एकदाच मिळतेय. 30 मे 2020 ला असे हॉल बंद होते आणि सार्वजनिक ठिकाणी दहापेक्षा जास्त माणसं जमायला मनाई होती. म्हणजे हॉल देण्याचं कर्तव्य हॉलवाल्यांनाच पार पाडता येत नव्हतं. अडथळा त्यांच्या बाजूला. कलम 1218 म्हणतं की अडथळा तात्पुरता असेल तर करार नुसता थांबतो, पण उशिरामुळे कराराला अर्थच उरत नसेल तर तो संपतो. लग्नाचा हॉल ठराविक दिवसासाठी घेतात. वर्षभराने तो मिळणं म्हणजे दुसराच करार, आणि त्याला होकार देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. करार संपला की ज्याच्या बदल्यात काही मिळालंच नाही ती रक्कम परत करायची.

‘परत मिळणार नाही’ हे वाक्य बहुतेक करारांत ग्राहकाने स्वतः रद्द केलं तर, या परिच्छेदात असतं. तुमच्याकडे ते कुठे आहे ते बघा. कारण खरा फरक इथेच पडतो. तुम्हाला मी दुसरं एक जोडपं दाखवू शकते: लग्न सप्टेंबर 2020 मध्ये, आणि घाबरून एप्रिलमध्येच त्यांनी हॉलला ‘आम्ही रद्द करतो’ असा ईमेल टाकला. त्या दिवशी सप्टेंबरवर कोणतीही बंदी नव्हती. कायद्याच्या लेखी त्यांनी माघार घेतली. ग्राहकाने आगाऊ दिलेली रक्कम, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, विसार धरली जाते: ग्राहकाने माघार घेतली तर ती बुडते, धंदेवाल्याने घेतली तर दुप्पट परत. थोडी कळ काढली असती तर पैसे वाचले असते कदाचित.

तुम्हीही त्या वसंतातले ईमेल तपासा. पहिलं ‘रद्द’ कोणी लिहिलं? हॉलने लिहिलं असेल किंवा तुम्ही दोघांनी 30 मे जवळ आल्यावर बंदीचा उल्लेख करून लिहिलं असेल, तर पुढे चला. रजिस्टर पत्र पाठवा, उत्तर नाही आलं तर त्यांच्या ग्राहक-मध्यस्थाकडे जा. ग्राहकाला ते फुकट असतं. 5,000 युरोंपर्यंतच्या दाव्यात कोर्टात जाण्यापूर्वी समेटाचा प्रयत्न केलाय हे तसंही दाखवावं लागतं. आणि इथेही मुदत पाच वर्षांचीच.

प्रश्न: मी तुलूझमध्ये एका कंपनीच्या इमारतीत जेवणाचा काउंटर चालवतो. करार नोव्हेंबर 2019 चा, पाच वर्षांचा. ताटाचा दर ठरलेला, रोज काउंटर उघडा ठेवायचा, दोन माणसं ठेवायची. तेव्हा रोज 120 ताटं जायची. कोविडनंतर कंपनीने घरून काम कायमचंच केलं, आता पन्नास गेली तर खूप. प्रत्येक महिना तोट्यात. कोणीतरी कलम 1195 बद्दल सांगितलं, परिस्थिती पालटली तर करार बदलून मागता येतो म्हणे. पण करारात एक ओळ आहे: ‘परिस्थिती बदलण्याचा धोका पुरवठादार स्वीकारतो.’

उत्तर: 1195 बद्दल सांगणाऱ्याने बरोबर दार दाखवलंय, फक्त त्या ओळीने त्याला कडी लागली आहे.

हे दार उघडायला फ्रान्सला किती वर्षं लागली ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोव्हान्समध्ये आदाम द क्रापोनने सोळाव्या शतकात कालवा काढला. पेलिसानच्या शेतकऱ्यांना पाणी द्यायचे करार 1560 च्या दशकातले, दर एका मापाच्या जमिनीला तीन सू (तेव्हाचं छोटं नाणं). तीनशे वर्षांनी त्या तीन सूंत कालव्याची डागडुजीही होईना. एक्स शहरातल्या न्यायालयाने दर वाढवून दिला. 6 मार्च 1876 रोजी कूर द कासासियोंने ती वाढ रद्द केली: कितीही न्याय्य वाटलं तरी काळ बदलला म्हणून न्यायाधीशाने लोकांचा करार बदलायचा नाही. सरकारी करारांपुरती वाट 30 मार्च 1916 ला कोंसेय देताने, म्हणजे सरकारी वादांसाठीच्या सर्वोच्च न्यायालयाने, मोकळी केली. बोर्दोची गॅस कंपनी, पहिलं महायुद्ध, आणि कोळशाचा टन जानेवारी 1915 मधल्या 35 फ्रँकवरून मार्च 1916 मध्ये 117 वर. शहरात दिवे लागायलाच हवेत, तेव्हा शहराने कंपनीच्या जादा भारातला वाटा उचलावा, असा तो निकाल. खाजगी करारांना मात्र 1 ऑक्टोबर 2016 पर्यंत, म्हणजे 1195 येईपर्यंत, थांबावं लागलं. त्या तारखेनंतरच्याच करारांना ते लागू होतं, तुमचा आहे.

कलम म्हणतं: करार करताना कल्पना नसलेला बदल झाला, त्यामुळे करार पाळणं एका पक्षाला अवाजवी महाग पडू लागलं, आणि *त्याने तो धोका स्वीकारला नसेल*, तर तो फेरवाटाघाटी मागू शकतो. वाटाघाटी चालू असताना काम बंद करायचं नाही. बोलणी फिसकटली आणि दोघांचं कशावरच एकमत होईना, तर वाजवी काळानंतर एका पक्षाच्या मागणीवरूनही न्यायाधीश करार बदलू किंवा संपवू शकतो. नोव्हेंबर 2019 मध्ये महासाथीची कल्पना कोणालाच नव्हती, त्या अटीवर तुम्ही पास. तोच करार ऑक्टोबर 2020 मध्ये केला असता तर नापास झाला असता. प्रत्येक ताटामागे किती खर्च, हे महिन्यावार हिशोबाने दाखवा. फायदा कमी झाला एवढ्याने भागत नाही.

पण 1195 सक्तीचं कलम नाही. करारात ते बाजूला ठेवता येतं, आणि कंपन्यांचे वकील 2016 पासून हे सवयीने करतात. तुमची ती ओळ तेच करते. करारातली शब्दरचना किती जड पडू शकते याचं मोठं उदाहरण 2020 चंच आहे. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी इडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडून अणुवीज मेगावॉटतासाला 42 युरोंनी घ्यायचं कबूल केलं होतं. टाळेबंदीत मागणी घसरली आणि बाजारात वीज त्याहून स्वस्त मिळू लागली. नुसत्या कलम 1218 वर त्यांचं काही खरं नव्हतं. पण त्यांच्या करारातल्या फोर्स माझरच्या व्याख्येत ‘वाजवी आर्थिक अटींवर’ काम करणं अशक्य होणं असे शब्द होते. तेवढ्यावर 20 मे 2020 ला पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने आणि 28 जुलैला अपिलात त्यांची बाजू घेतली. त्यांना तीन शब्दांनी वाचवलं, तुम्हाला एका ओळीने अडवलंय.

तरी एक फट आहे. कलम 1171 नुसार, अटी एका पक्षाने आधीच ठरवून ठेवल्या असतील, त्यांवर बोलायची सोयच नसेल आणि त्या दोघांच्या हक्कांत मोठा असमतोल आणत असतील, तर अशी अट लिहिलीच नाही असं धरतात. कराराच्या मसुद्यात तुम्हाला एक अक्षर बदलू दिलं नव्हतं का? 2019 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधले ईमेल काढा. ‘ही ओळ काढा’ असं तुम्ही लिहिलं असेल आणि त्यांनी ‘हा आमचा छापील मसुदा आहे, सर्वांना हाच’ असं उत्तर दिलं असेल, तर तो ईमेल छापून वकिलाकडे न्या. तुम्ही दरावर घासाघीस करून चार गोष्टी बदलून घेतल्या असतील तर ही फटही बुजते; मग नोव्हेंबर 2024 मध्ये करार संपेपर्यंत दोनऐवजी एक माणूस ठेवायची परवानगी मागा, आणि ती मिळाली तर लेखी घ्या.